क्लिपबोर्ड मॅनेजर संगणकासोबत आपोआप सुरू करायचाय? खर्च किती, धोका किती?

गेल्या वर्षी दिवाळी अंकाच्या मुद्रितशोधनाची घाई चालू होती. एका कथेतला परिच्छेद दोन पानं पुढे न्यायचा होता, म्हणून तो कट केला. तेवढ्यात एका शब्दाचं लेखन तपासायला गेले, तो शब्द कॉपी केला, आणि फाइल सेव्ह करून बंद केली. परिच्छेद गेला. कॉपी केलेलं सगळं जपून ठेवणारा प्रोग्रॅम मी संगणकात घेतलेला होता. पण रात्री अपडेट होऊन संगणक पुन्हा सुरू झाला होता आणि तो प्रोग्रॅम मात्र बंदच राहिला होता. शेवटी लेखिकेला फोन करून परिच्छेद परत मागवावा लागला.

म्हणजे प्रोग्रॅम नुसता घेऊन भागत नाही. संगणक सुरू झाला की तोही सुरू झाला पाहिजे. त्यासाठी काय करावं लागतं आणि काय मोजावं लागतं, ते पाहू.

पैसे किती?

बहुतेकांना एक रुपयाही लागत नाही.

विंडोजची स्वतःची सोय: विंडोज १० मध्ये २०१८च्या ऑक्टोबर अपडेटपासून क्लिपबोर्डचा इतिहास ठेवता येतो. विंडोजची की आणि व्ही एकत्र दाबा. पहिल्या वेळी ही सोय चालू करण्याचं बटण दिसेल, ते दाबलं की काम झालं. आपोआप सुरू होण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. मात्र शेवटच्या २५ गोष्टीच राहतात, एकेक गोष्ट ४ एमबीपर्यंतची, आणि संगणक पुन्हा सुरू केला की पिन केलेल्या सोडून बाकी सगळ्या पुसल्या जातात.

डिटो: विंडोजसाठीचा मोफत, मुक्तस्रोत प्रोग्रॅम. कॉपी केलेलं सगळं डिस्कवर साठवतो. वीज गेली, संगणक बंद झाला, तरी कालचा मजकूर आज सापडतो.

कॉपीक्यू: हाही मोफत आणि मुक्तस्रोत. विंडोज, लिनक्स आणि मॅकवर चालतो. लिनक्सवर केडीई वापरत असाल, तर क्लिपर त्यात आधीच असतो.

मॅकी: मॅकसाठी. गिटहबवरून घेतला तर फुकट, ॲप स्टोअरवरून घेतला तर पैसे पडतात. मॅकओएस २६ मध्ये तर स्पॉटलाइटमध्येच क्लिपबोर्डचा इतिहास मिळतो, फक्त तो चालू करावा लागतो.

वार्षिक वर्गणी घेणारे प्रोग्रॅमही आहेत. फोन आणि संगणक यांच्यात मजकूर आपोआप पोचवणं, नीट मांडलेले कप्पे, अशा गोष्टींचे ते पैसे असतात. महिनाभर मोफत प्रोग्रॅम वापरा. त्यात नेमकं काय कमी पडतंय ते सांगता आलं, तरच वर्गणी भरा.

संगणकावर भार किती?

माझ्या संगणकावर असा प्रोग्रॅम २० ते ३० एमबी मेमरी घेतो. ४ जीबी रॅमच्या जुन्या संगणकातही हे एक टक्क्याहून कमीच आहे. तुमच्याकडचा आकडा पाहायचा असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. त्यातल्या स्टार्टअपच्या यादीत प्रत्येक प्रोग्रॅमपुढे सुरुवातीवरचा भार कमी, मध्यम की जास्त, ते लिहिलेलं असतं. संगणक उघडायला वेळ लागत असेल, तर आधी याच यादीत पाहा. न वापरलेले चार-पाच प्रोग्रॅम हमखास सापडतात. त्यांना बंद करा आणि मग क्लिपबोर्डवाल्याला जागा द्या.

कसं लावायचं?

दहा मिनिटांचं काम आहे. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका, खालच्या क्रमाने स्वतःच करा.

१. आधी प्रोग्रॅमच्याच ऑप्शन्समध्ये पाहा. डिटोमध्ये 'जनरल' या पानावर संगणकासोबत सुरू होण्याची चौकट आहे, तिथे टिक करा. कॉपीक्यू आणि मॅकीमध्येही अशीच सोय आहे.

२. प्रोग्रॅममध्ये तशी सोय नसेल, तर विंडोजची की आणि आर दाबा. उघडलेल्या छोट्या चौकटीत इंग्रजीत 'शेल', मग कोलन, मग 'स्टार्टअप' असं जागा न सोडता टाइप करा आणि एंटर दाबा. जो फोल्डर उघडेल, त्यात प्रोग्रॅमचा शॉर्टकट ठेवा. मूळ प्रोग्रॅम हलवू नका, फक्त शॉर्टकट ठेवा.

३. मॅकवर सिस्टिम सेटिंग्ज, त्यात जनरल, त्यात लॉगिन आयटम्स. तिथल्या अधिकच्या चिन्हाने प्रोग्रॅम यादीत घ्या.

४. आता संगणक खरोखर रिस्टार्ट करा. घड्याळाजवळ प्रोग्रॅमचं चिन्ह दिसतंय का पाहा. दिसत नसेल तर वर वळलेल्या छोट्या बाणाखाली शोधा.

एक अडचण बऱ्याच जणांना येते. प्रोग्रॅममध्ये टिक असते, तरी तो सुरू होत नाही. याचं कारण विंडोजकडे दुसरं बटण असतं. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीत कुणी त्याला बंद केलं असेल, तर आतल्या टिकेचा उपयोग होत नाही. घरातला मेन स्विच बंद असताना खोलीतलं बटण दाबण्यासारखं आहे ते. संगणक 'फास्ट करून देणारे' प्रोग्रॅमही असे स्टार्टअप परस्पर बंद करतात. म्हणून दोन्ही ठिकाणी पाहा.

खरी किंमत इथे आहे

पैसे लागत नाहीत, मेमरी फारशी जात नाही. मग मोजायचं काय? गुपितं. सकाळपासून सुरू असलेला हा प्रोग्रॅम तुम्ही कॉपी केलेलं सगळं टिपत असतो. त्यात कथेतला परिच्छेद असतो, तसाच बँकेचा पासवर्ड, ओटीपी आणि कुणाचा तरी आधार क्रमांकही असतो. डिटोसारखे प्रोग्रॅम हे सगळं कुलूप नसलेल्या फाइलमध्ये ठेवतात. तुमच्या खुर्चीत बसणारा कुणीही दोन कळा दाबून ते वाचू शकतो.

सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान किंवा सायबर कॅफे चालवणाऱ्यांनी तर याचा फार गांभीर्याने विचार करावा. समोर रांग असते, एकेका अर्जात नाव, पत्ता, खाते क्रमांक कॉपी-पेस्ट होत असतात. संध्याकाळपर्यंत शंभर माणसांची खासगी माहिती एका यादीत जमा होते. ती माणसं विश्वासाने कागद हातात देतात, आणि असं काही साठतंय हे त्यांना माहीतही नसतं.

म्हणून चार पथ्यं पाळा:

• पासवर्ड शक्यतो कॉपी करू नका. करावाच लागला, तर यादीतली ती ओळ लगेच पुसा.
• बँकेचं काम करताना प्रोग्रॅम थोडा वेळ थांबवा. डिटोच्या चिन्हावर उजवी क्लिक केली, की क्लिपबोर्डपासून तोडण्याचा पर्याय मिळतो.
• किती दिवसांनंतर जुना मजकूर आपोआप पुसायचा, ते ऑप्शन्समध्ये ठरवा. मी सात दिवस ठेवले आहेत, मुद्रितशोधनाला तेवढे पुरतात.
• विंडोजमध्ये इतर उपकरणांशी क्लिपबोर्ड जोडण्याची सोय आहे. गरज नसेल तर ती बंदच असू द्या.

मग कुणी काय करावं?

घरी एकट्याचा संगणक असेल आणि कामापुरतंच लिहिणं असेल, तर विंडोजची स्वतःची सोय पुरे. अनुवाद, संपादन, बातम्या किंवा टायपिंग हेच पोटापाण्याचं काम असेल, तर डिटो किंवा कॉपीक्यू घ्या, आपोआप सुरू होईल असा लावा आणि संगणकाला पासवर्ड ठेवा. वेगळं लॉगिन नसताना घरात चौघे एकच संगणक वापरत असतील, तर आधी प्रत्येकाचं लॉगिन वेगळं करा. आणि गिऱ्हाइकांची कागदपत्रं हाताळणाऱ्या दुकानात इतिहास साठवणारा प्रोग्रॅम आपोआप सुरू होईल असा लावू नका. तिथे वाचणाऱ्या चार मिनिटांपेक्षा लोकांचा विश्वास मोठा आहे.