शेवटचे कडवे

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. त्या लढ्याचा आशय पुढे आंबेडकरी जलशांनी ढोलकी-तुणतुण्याच्या साथीने लोकांपर्यंत नेला. नंतर भीमगीते कॅसेटवर आली. आज रायगडच्या किनाऱ्यावरील घराघरांत ती मोबाइलवर वाजतात. माध्यमांचा हा संगम स्वागतार्हच. परंतु त्यात एक गोष्ट हातची निसटते. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या अनेक गीतांच्या अखेरच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्रा येते. रंगमंचावर गीत पूर्ण होई, म्हणून कवीचे नावही आपोआप उच्चारले जाई. अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत नेमके तेच कडवे गळते. (दोष मोबाइलचा नव्हे, कात्री आपल्याच बोटांत असते.) स्नेहसंमेलनाच्या चित्रफिती पाठविताना विद्यार्थ्यांनी गीत पूर्ण ठेवावे, निदान खाली कवीचे नाव लिहावे.