पट्टा सरायच्या आधी

सोसायटीच्या जमिनीच्या पट्ट्याची मुदत जवळ आली म्हणून धास्तावू नकोस. सावेडीकडच्या आमच्या सोसायटीचं सचिवपद मी बरीच वर्षं सांभाळलं, त्यामुळे या कागदांची धूळ चांगली परिचयाची आहे. मामा सांगतो तेवढं कर.

पहिलं म्हणजे, सरकारी जमिनीवरच्या सोसायटीत एकट्या फ्लॅटचा पट्टा वाढत नसतो. लंडनला मात्र प्रत्येक फ्लॅटवाल्याचा पट्टा वेगळा. तो 80 वर्षांच्या खाली गेला की वाढवून घेणं एकदम महागतं, म्हणून तिथले लोक ती वर्षं मोजत बसतात. आपल्याकडे पट्टा सोसायटीच्या नावावर, त्यामुळे अर्जही तिनेच करायचा. तू एकटी कलेक्टर कचेरीत गेलीस तर हेलपाटाच होईल. आधी सर्वसाधारण सभेचा ठराव घ्या, आणि सह्या कोण करणार त्यांची नावं त्या ठरावातच घाला. नाहीतर कमिटी बदलली की फाइल पुन्हा पहिल्यापासून.

मग जमीन नेमकी कुणाची ते बघ. सिटी सर्व्हेतून मालमत्ता पत्रक काढ आणि त्यातला सत्ता प्रकाराचा रकाना वाच. सातबारा असेल तर भूधारणा पद्धती आणि इतर हक्क. तिथे ‘सरकारी पट्टेदार’ किंवा ‘भोगवटादार वर्ग-2’ दिसलं तर वाट कलेक्टर कचेरीची. जमीन एखाद्या ट्रस्टची निघाली तर तीन वर्षांपुढच्या पट्ट्याला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. विश्वस्तांनी नुसती मान डोलावून भागत नाही. आणि भिंगारला, कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत घर बघत असशील तर हे सगळं विसर. तिथे चालतं ते लष्करी जमिनींचं रजिस्टर, जीएलआर. त्यात ‘ओल्ड ग्रँट’ लिहिलेलं असेल तर पट्टा नाहीच. बांधकाम तुझं, जमीन सरकारची, आणि ती सरकार परत घेऊ शकतं.

आता तारीख. लोक करार नोंदवल्याच्या दिवसापासून वर्षं मोजतात. मूळ करार उघड आणि ‘मुदत’ हे कलम शोध. समजा, ताबा 1978 ला मिळाला, करार 1981 ला नोंदला आणि कलमात लिहिलंय ‘ताबा दिल्यापासून’. मग तीन वर्षं गेलीच की! नूतनीकरणाचा हक्क आहे का, मागणी मुदत संपण्याआधी किती महिने करायची, भुईभाडं किती वाढेल, हेही तिथेच आसपास सापडतं. भुईभाड्याच्या पावत्या एका फाइलीत लाव. रक्कम चिल्लर असते म्हणून कुणी भरत नाही, आणि ऐनवेळी थकबाकी निघते.

खरं घोडं पेंड खातं ते शर्तभंगापाशी. कुणीतरी परवानगी न घेता फ्लॅट विकलेला असतो, कुणी तळमजल्यावर दवाखाना थाटलेला असतो, कुणी गच्चीवर खोली चढवलेली असते. प्रस्ताव गेला की तपासणी होते आणि हे एकेक बाहेर पडतं. एका सभासदापायी सगळी सोसायटी अडकते. म्हणून अर्जाआधी घरोघर यादी करा. मूळ सभासद कोण, आज राहतो कोण, मधल्या प्रत्येक विक्रीचा परवानगी आदेश आहे का? नसेल तर दंड भरून ते नियमानुकूल करून घ्यायचं. दंड ज्याचा त्याने भरायचा की सगळ्यांनी, यावर सभेत भांडण होणारच. ते अर्जाआधी होऊन जाऊ दे.

वाढच मागायची का, हेही विचारा. 8 मार्च 2019 च्या नियमांनी पट्ट्याच्या जमिनी भोगवटादार वर्ग-1, म्हणजे जवळपास मालकीच्या, करून घेण्याची वाट उघडली. त्यासाठी सरकारला द्यायचा नजराणा रेडी रेकनरच्या किमतीवर टक्केवारीने बसतो. सवलतीच्या मुदती येतात नि जातात, तेव्हा आजचा दर कचेरीतून लेखी घ्या. चहाच्या टपरीवर ऐकलेल्या टक्क्यावर वर्गणी काढू नका. माझं मत विचारशील तर झेपत असेल तर वर्ग-1च करा. इमारत पुन्हा बांधायची वेळ येते तेव्हा बिल्डर आणि बँक दोघंही पट्ट्याची उरलेली वर्षं बघून नाक मुरडतात.

पैसे फक्त चलनाने. ‘साहेबांना सांगून लवकर करतो’ म्हणणारा भेटेलच. त्याला नमस्कार करायचा. प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घे. अर्जात शहराची अहमदनगर आणि अहिल्यानगर ही जुनं-नवं दोन्ही नावं लिही, जुने कागद पहिल्याच नावाचे आहेत.

आदेश हातात आला म्हणून पेढे वाटू नका. वाढीव पट्ट्याचा करार मुद्रांक भरून, सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दुय्यम निबंधकाकडे नोंदवायला द्यायचा. त्यानंतर सिटी सर्व्हेत फेरफाराचा अर्ज, आणि नवं मालमत्ता पत्रक निघालं की त्यावरची मुदत आदेशाशी ताडून बघ. आकडा चुकलेला असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात दे.