शिखराला नाव देण्याआधी

गॅमा किरणांचा वर्णपट घरच्या टेबलावर काढता येणं ही आपल्या काळातली फार मोठी सोय आहे. गायगर काउंटर नुसती टकटक मोजतो. आलेला किरण किती ऊर्जेचा होता, हे त्याला सांगता येत नाही. सिंटिलेशन स्फटिकाला ते येतं. थॅलियमचा अंश असलेला सोडियम आयोडाइडचा स्फटिक गॅमा किरणाने सोडलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात उजळतो, हे रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी १९४८ मध्ये दाखवलं आणि गॅमा किरणांच्या अभ्यासाची दिशा बदलली. आज सीझियम आयोडाइडचा घनसेंटिमीटरभर स्फटिक बसवलेली उपकरणं खिशात मावतात, मोबाइलवर आलेख काढतात आणि त्यातल्या शिखरांना मूलद्रव्यांची नावंही सुचवतात. या छंदात नव्याने येणाऱ्यांना मला जे सांगायचं आहे, ते या शेवटच्या सोयीबद्दल. सुचवलेलं नाव ही तपासायची शंका असते, निष्कर्ष नव्हे. आपल्या घराचं, अंगणाचं, गच्चीचं बॅकग्राउंड, म्हणजे तिथला नेहमीचा किरणोत्सार, पुरतं ओळखीचं होईपर्यंत कुठल्याही वस्तूबद्दल काही बोलू नये, आणि किरणोत्सारी वस्तू जमवण्यापासून तर सुरुवात मुळीच करू नये.

याचं कारण स्फटिकाच्या मर्यादेत आहे. सीझियम-१३७ चं शिखर ६६२ केईव्हीवर (किलो इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) येतं. लहान स्फटिकाची विभेदनक्षमता तिथे सात ते नऊ टक्के असते, म्हणजे शिखर निम्म्या उंचीवर पंचेचाळीस ते साठ केईव्ही रुंद असतं. आता युरेनियमच्या साखळीतलं बिस्मथ-२१४ पाहा. त्याचं ठळक शिखर ६०९ वर, सीझियमपासून अवघ्या त्रेपन्न केईव्हीवर. शिवाय ६६५ वर त्याची एक क्षीण रेषाही असते. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर उपकरण ठेवलं आणि ऊर्जेची मोजपट्टी थोडी सरकलेली असली, तर ओट्यात अणुभट्टीतलं सीझियम सापडल्याचा भास व्हायला एवढं पुरतं. (दख्खनचा बेसॉल्ट याबाबतीत फार शांत दगड आहे, त्यावर सवय झालेल्या माणसाला ग्रॅनाइटचे आकडे अधिकच दचकवतात.) मोजपट्टी सरकतेही सहज, कारण स्फटिकाचा प्रकाश आणि संवेदकाचं प्रवर्धन दोन्ही तापमानाबरोबर बदलतात. सकाळी जुळवलेलं उपकरण मे महिन्यातल्या दुपारी गच्चीवर नेलं, की ते पुन्हा तपासावं लागतं. त्यात प्रत्येक उंचवटा म्हणजे वेगळं मूलद्रव्य असंही नसतं. सीझियमचेच किरण आसपासच्या वस्तूंवर आदळून मागे फिरले, की १८४ केईव्हीच्या आसपास उंचवटा येतो. रेडियमची खरी रेषा १८६ वर असते. हा फरक असा स्फटिक दाखवूच शकत नाही.

बॅकग्राउंड स्थिर असतं, हा समजही आपल्याकडचा पावसाळा मोडून काढतो. हवेतल्या रेडॉनपासून तयार झालेले शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ पावसाच्या थेंबांबरोबर खाली येतात आणि मोठ्या सरीत आकडा स्पष्ट वर चढतो. त्यांची अर्धायुष्यं अनुक्रमे सुमारे सत्तावीस आणि वीस मिनिटं. पाऊस थांबला, की दोन-तीन तासांत सगळं पूर्ववत. हे माहीत नसलेला माणूस त्या सरीचा आलेख पाहून कुठेतरी अपघात झाल्याचं सांगत सुटेल आणि त्याच्या शेजारपाजारची झोप उडेल. लोकलच्या डब्यात अचानक १४० केईव्हीचं शिखर दिसलं, तर बहुधा जवळच्या कुणाची टेक्निशियम वापरून केलेली वैद्यकीय तपासणी नुकतीच झालेली असते. ती त्या व्यक्तीची खाजगी बाब आहे. तिच्याकडे वळून पाहू नये आणि काही विचारूही नये.

यावर आक्षेप येतो, की ज्ञात स्रोत हाताशी नसेल तर मोजपट्टी जुळवायची कशी? परदेशी व्हिडिओंत बटणाएवढे सीझियमचे स्रोत दिसतात आणि ते मागवावेसे वाटतात. पण तिथे सूट आहे म्हणून इथेही आहे, असं धरून चालू नये. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागू होतात. मोनाझाइटची किरणोत्सारी वाळू उचलून आणण्याच्या मोहालाही हेच लागू. मुळात या कशाचीच गरज नाही. कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये वजनाच्या जवळपास निम्मं पोटॅशियम असतं आणि पोटॅशियमच्या प्रत्येक ग्रॅममधून सेकंदाला सुमारे एकतीस विघटनं होतात. किलोभर खताशेजारी उपकरण रात्रभर ठेवलं, की १४६१ केईव्हीचं शिखर हळूहळू उभं राहतं. खालच्या टोकासाठी सर थांबताच गाडीची काच टिशू कागदाने पुसून तो स्फटिकाला लावावा. त्यात शिसे-२१४ चं ३५२ आणि बिस्मथ-२१४ चं ६०९ दोन्ही मिळतात, आणि अर्ध्या-पाऊण तासात गणना निम्म्यावर आली, तर ओळख बरोबर असल्याचा स्वतंत्र पुरावाही मिळतो. तीन बिंदूंवर उभी असलेली मोजपट्टी दुकानातून आलेल्या मोजपट्टीपेक्षा मला कितीतरी भरवशाची वाटते. घाई मात्र चालत नाही. शंभर गणनांत दहाची अनिश्चितता असते. ती एक टक्क्यावर आणायची तर दहा हजार गणना लागतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: सरकारी आकडे अपुरे वाटतात, तेव्हा नागरिकांनी मोजू नये का? जरूर मोजावं. फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर २०११ मध्ये जपानमध्ये उभ्या राहिलेल्या सेफकास्ट या नागरिकांच्या उपक्रमाने ते करून दाखवलं. पण त्यांच्या आकड्यांना वजन आलं, कारण एकसारखी, जुळवलेली उपकरणं वापरली गेली आणि नोंदी सर्वांसाठी खुल्या राहिल्या. एकेकट्याने टिपलेल्या भीतिदायक स्क्रीनशॉटला ते वजन नसतं.

आणि कधीतरी शंका खरीही ठरू शकते. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत कोबाल्ट-६० असलेलं विद्यापीठातलं जुनं उपकरण भंगारात पोहोचलं, कामगारांना त्याची कल्पना नव्हती, आणि एकाचा जीव गेला. भंगाराच्या ढिगाजवळ आकडा बॅकग्राउंडच्या अनेक पट चढला, जवळ जाताना चढतच राहिला, तर वर्णपट स्वच्छ येईपर्यंत तिथे थांबू नये. तिथल्या कामगारांना सोबत घेऊन दूर व्हावं, कशालाही हात लावू नये, लावू देऊ नये आणि लगेच पोलिसांना व नियामक मंडळाला कळवावं. कळवताना मूलद्रव्याचा अंदाज सांगत बसू नये. जागा, वेळ, किती अंतरावर किती आकडा आला आणि त्या भागातलं नेहमीचं बॅकग्राउंड किती, एवढं सांगावं.