‘उकळून प्या’ म्हणाले, आम्ही उकळलं

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रोडला जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली आणि इकडे जुन्नरकडच्या आमच्या गावातही तोच सल्ला आला: पाणी उकळून प्या. घरात चार महिन्यांचा नातू, डब्याच्या दुधावर. सूनबाई त्याचं पाणी वीस वीस मिनिटं खळखळ उकळायची. मीच बजावलं होतं, कमी नको म्हणून. आठवलं की अजून पोटात कालवतं.

नळयोजनेची विहीर ओढ्याकाठी. तिन्ही अंगांना ऊस-कांदा, वरच्या बाजूला कोंबडखताचे ढीग. ग्रामसभेत दोनदा विचारलं, पाण्याचा रासायनिक अहवाल दाखवा. पंचायतवाले म्हणाले, "तात्या, रोज टीसीएल टाकतोय, काळजी करू नका." टीसीएलनं, म्हणजे ब्लीचिंग पावडरनं, जंतू मरतात. युरिया-शेणखतातून झिरपलेलं नायट्रेट त्याला दाद देत नाही. हे त्यांना ठाऊक नव्हतं, की मला येडं समजत होते, देव जाणे.

मग शाळेत बायकांना तपासणीचं किट शिकवायला आले. मी घरचं पाणी नेलं. नळीत पूड पडली आणि पाणी हळूहळू गुलाबी होत गेलं. शिकवणाऱ्या बाई रंगपट्टीकडे बघून गप्पच झाल्या. म्हटलं, थांबा, उकळलेलं आणतो. धावत जाऊन आणलं. वाटलं होतं, रंग उतरेल. उतरला नाही. बाई हळूच म्हणाल्या, "काका, पाण्याची वाफ होते, नायट्रेट भांड्यातच राहतं." म्हणजे जेवढं आटवलं तेवढं दाट करून पाजलं.

अहवाल पंचायतीच्या कपाटात निघाला, आदल्या पावसाळ्यानंतरचा. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, आमचा आकडा त्याच्या वर. उलट मलाच ऐकवलं, "तुमच्या कांद्यालाही युरिया पडतोच ना?" पडतो. म्हणून कागद कपाटात ठेवायचा? केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात महाराष्ट्रातल्या तीनातल्या एकाहून जास्त नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर आहे. मी एकटाच ओरडत नव्हतो.

नातू सुखरूप आहे. नशीब. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद नायट्रेटनं कमी होते. ओठ, नखं निळसर दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच घटकेला दवाखाना गाठा.

तर ज्यांच्या घरी लहान बाळ आहे त्यांनी ऐका. अहवाल मागताना "रासायनिक" हा शब्द उच्चारा, नाहीतर जंतूंचाच कागद हातात ठेवतात. जलजीवन मिशनच्या नियमानं ही तपासणी वर्षातून एकदा व्हायलाच हवी. स्वतः नमुना देणार असाल तर कॅन त्याच पाण्यानं तीनदा विसळा, सावलीत गार ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. दोन दिवस मोटारसायकलच्या डिकीत राहिलेल्या नमुन्याचा आकडा खरा धरू नका. टीडीएसचं यंत्र दाखवून कुणी "पाणी गोड आहे" म्हटलं तर हसून सोडा, त्यात नायट्रेट वेगळं कळत नाही. कँडल आणि यूव्ही फिल्टर इथं निरुपयोगी. आरओ चालतं, पण जाळी जुनी झाली की तेही गळतं, म्हणून जारचं पाणीसुद्धा एकदा तपासा. आणि खत बेतानं टाका, हे मलाही लागू.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेला मी अहवालाची झेरॉक्स घेऊन पहिल्या रांगेत बसणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी या.