कमिशन मिळतं का गं तुला?

आधी एक सांगून टाकते. एअर इंडियाकडून मला दमडीही मिळत नाही. माझा भाऊ, भाचा, जावई, कुणीही तिथे नोकरीला नाही. टाटांच्या कुठल्या कंपनीचे शेअर माझ्याकडे नाहीत. घरात मीठ तेवढं टाटांचं आहे. हे असं लिहून द्यावं लागतंय, कारण आमच्या भिशीत प्रवासाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, "कमिशन मिळतं का गं तुला?" आणि मग सगळ्या हसतात. सुरुवातीला मीही हसायचे.

लेक न्यू जर्सीला. आम्ही दोघं तिच्याकडे जातो ते मुंबई-न्यूअर्क थेट विमानाने, आणि ते एअर इंडियाचं असतं. ह्यांचे गुडघे फार चालू देत नाहीत; ती कथा ठाण्यात सगळ्यांना पाठ आहे, तेव्हा परत सांगत नाही.

चेष्टेला निमित्तं भरपूर मिळाली, हे मान्य. 2022 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कहून दिल्लीला येणाऱ्या विमानात एका प्रवाशाने दारूच्या नशेत सहप्रवासी महिलेच्या अंगावर लघवी केल्याचं सगळ्यांनी वाचलं. त्यावर कंपनीला 30 लाखांचा दंड झाला. मग 2025 च्या फेब्रुवारीत केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांना भोपाळ-दिल्ली विमानात मोडकी सीट मिळाली आणि त्यांनी ते जाहीरपणे लिहिलं. त्या दिवशी मला ती बातमी इतक्या जणींनी पाठवली, जणू ती सीट मीच मोडली होती. जुनी विमानं आतून खिळखिळी झाली आहेत हे कंपनीलाही कबूल आहे, म्हणून तर 67 विमानं आतून नव्याने करायला 40 कोटी डॉलर लावलेत. पण हे मी सांगितलं की, "बघा, लागली बाजू घ्यायला."

तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिली गोष्ट: इतिहास सांगायला जाऊ नका. मी सांगून पाहिला. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटा स्वतः छोटं पस मॉथ विमान चालवत कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, तिथून सगळं सुरू झालं. पुढे 1948 च्या जूनमध्ये कंपनीचं 'मलबार प्रिन्सेस' विमान मुंबईहून लंडनला गेलं. 1953 ला राष्ट्रीयीकरण झालं, तरी 1978 मध्ये मोरारजींच्या सरकारने काढेपर्यंत जेआरडीच अध्यक्ष होते, आणि तेव्हा जगात या कंपनीचं नाव काय होतं! हे सगळं मी एकदा पोहे खाताखाता रंगवून सांगितलं. वरच्या मजल्यावरची म्हणाली, "जेआरडी जाऊनही तीस वर्षं झाली गं. आता स्क्रीन चालते का, ते सांग." त्यावर काय बोलणार? समोरच्याला जेवण आणि स्क्रीन यांची पडलेली असते, त्याला 1932 सालाचं काय?

कुवेतचंही सांगू नका. मला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, ही गोष्ट वेगळी. 1990 मध्ये इराकने कुवेत गिळलं तेव्हा माझे धाकटे दीर तिथे होते. बसने वाळवंट तुडवत अम्मानला पोहोचले, आणि तिथून त्यांना एअर इंडियाने मुंबईला आणलं. दोन महिन्यांत 488 उड्डाणं आणि लाखाच्या वर माणसं. आमच्या सासूबाई पुढे कितीतरी वर्षं आकाशात विमान दिसलं की हात जोडायच्या, मग ते कुणाचंही असो. पण हे ऐकून मैत्रीण म्हणते, "तेव्हा ती सरकारी होती, आता खासगी आहे." बरोबर आहे तिचं. 27 जानेवारी 2022 ला कंपनी टाटांकडे परत गेली, 18,000 कोटींच्या व्यवहारात. म्हणून म्हणते, हा दाखला घरच्या लोकांपुरताच ठेवा.

जे कारण खरोखर तुमचं आहे तेवढंच एका वाक्यात सांगा आणि गप्प बसा. माझं कारण असं: ह्यांना मध्ये कुठेही विमान बदलायला लावायचं नाही. बस. मुंबईहून न्यूअर्कला अमेरिकन कंपनीचंही थेट विमान होतं, युनायटेडचं. 2022 साली रशियाच्या हवाई हद्दीचा प्रश्न आला आणि त्यांनी ते थांबवलं. मग आमच्यासारख्यांनी जायचं कशाने? "अगं, आखातातून जा, किती सुंदर एअरपोर्ट आहेत!" सुंदर आहेत ना, कोण नाही म्हणतंय? पण त्या सुंदर एअरपोर्टवर एका टोकाच्या गेटवरून दुसऱ्या टोकाच्या गेटपर्यंत ह्यांना कोण नेणार? ते जेमतेम हिंदी बोलतात आणि इंग्रजीत विचारायची वेळ आली की गप्प होतात. थेट विमानात एकदा बसलं की लेक दाराशी दिसेपर्यंत काही विचारावं लागत नाही. पाणी हवं तर हिंदीत मागता येतं, आणि कर्मचाऱ्यांत कुणी मराठी निघालं तर ह्यांच्या गप्पाच सुरू होतात.

आता मूळ मुद्द्यावर येते.

12 जून 2025. लेकीचं बाळंतपण ऑगस्टात, आमची तिकिटं जुलैअखेरची. दुपारी बातमी आली. अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान उडताच वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातल्या 242 जणांपैकी एक माणूस वाचला. खाली, वसतिगृहाच्या परिसरातही माणसं गेली. त्या विमानाच्या कर्मचाऱ्यांत आपल्या मुंबई-ठाण्याकडची मुलंमुली होती. ह्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला होता आणि नुसता धूर बघत बसले होते. तिकडे पहाट होती. पोरीला उठवावं की तिने उठून स्वतः बातमी बघावी, हे मला ठरवता येत नव्हतं.

तेवढ्यात भिशीच्या ग्रुपवर तोच धुराचा व्हिडिओ आला. खाली माझं नाव टॅग केलेलं आणि तीन शब्द: "आता तरी ऐक." त्यावर दोघींचे अंगठे.

ते अंगठे कशाला होते, हे मला अजून कळलेलं नाही. मेलेल्यांसाठी तर नव्हते. मी जिंकले नाही म्हणून होते की काय? आम्ही सगळ्या वीस वर्षांपासून एकमेकींच्या घरी जेवतोय. ह्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा याच बायका डबे घेऊन यायच्या. आणि त्या दिवशी, आमची तिकिटं काढलेली आहेत हे माहीत असूनही, "कशी आहेस" एवढंही विचारायला कुणाला सुचलं नाही. मला एकदम उमगलं. इतके दिवस मी ज्याला त्यांची शंका समजून उत्तरं देत होते, ती त्यांची करमणूक होती. आणि माझी निष्ठा म्हणजे मी या कंपनीच्या सुरक्षिततेला जामीन राहिले आहे, असा त्यांनी परस्पर अर्थ लावला होता.

मी जामीन नाही. सुरक्षिततेचा प्रश्न रास्त आहे, आम्हीही तो स्वतःला विचारला. ह्यांनी आणि मी रात्र जागून काढली, जावयाशी बोललो, तिकीट रद्द केलं तर काय, हेही पाहिलं. जुलैत अपघाताचा प्राथमिक अहवाल आला. उड्डाणानंतर लगेच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच बंद स्थितीत गेले होते, एवढं त्यात कळलं. ते का गेले, हे सांगणं तपास करणाऱ्यांचं काम. आमच्या ग्रुपवर मात्र कारण अपघाताच्याच संध्याकाळी ठरलं होतं.

आम्ही गेलो. नातू झाला. ग्रुपवर अभिनंदनाचे फुगे आले. प्रवास कसा झाला, हे कुणी विचारलं नाही. वाईट झाला असता तर विचारलं असतं.

आणि परत आल्यावर एका संध्याकाळी फोन. तीच, "आता तरी ऐक"वाली. "अगं, आईला अमेरिकेला पाठवायचंय भावाकडे. ते तुझं विमान डायरेक्ट आहे ना? व्हीलचेअरचं कसं करतात गं?" आवाज अगदी मधाळ. तिच्या आईला मागच्या खेपेला तिच्या घरच्यांनी स्वस्त पडतं म्हणून आखाती मार्गाने दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन वेगळ्या तिकिटांवर पाठवलं होतं. पहिलं विमान उशिरा पोहोचलं, आणि दुसऱ्या कंपनीने "तुम्ही वेळेवर आला नाहीत" म्हणून हात वर केले. म्हातारी बाई रात्रभर बाकावर. ही गोष्ट मी भिशीत एकदाही काढली नव्हती, हे इथे नोंदवून ठेवते.

तिला जे सांगितलं तेच इथे सांगते.

मध्ये विमान बदलायचंच असेल तर सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर हवा. मग पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरं चुकलं, तर पुढची सोय करायची जबाबदारी कंपनीची. दोन तिकिटं म्हणजे दोन अनोळखी माणसं. एकाच्या उशिराशी दुसऱ्याला देणंघेणं नाही.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागायची, निघायच्या दोन दिवस आधी फोन करून नोंद आहे ना ते विचारायचं, आणि दोघांना हवी तर दोघांच्या नावावर वेगवेगळी. 2024 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कहून मुंबईला आलेल्या एका वृद्ध जोडप्याला उतरल्यावर एकच खुर्ची मिळाली. बायको खुर्चीत, ऐंशीचे आजोबा मागून चालत निघाले आणि इमिग्रेशनपाशी कोसळले. गेले ते. एअर इंडियाला तेव्हाही 30 लाखांचा दंड झाला. म्हणून मी ह्यांना बजावून ठेवलंय: एकच खुर्ची आली तर दुसरी येईपर्यंत दोघांनीही जागचं हलायचं नाही, कुणी कितीही "चला चला" केलं तरी.

स्क्रीन चालेल असं धरून चालू नका. फोनमध्ये दोन नाटकं, थोडी भजनं, चार्जर, आणि पाण्याची रिकामी बाटली, सिक्युरिटीच्या पलीकडे भरून घ्यायला. औषधं हातातल्या पिशवीत. कागदपत्रं नीट ठेवा, लवकर निघा, डोकं शांत ठेवा, वगैरे वगैरे; हे तुम्हाला कुणीही सांगेल.

काही बिनसलं तर काउंटरवर भांडून फार काही होत नाही. विमान रद्द किंवा उशिरा असेल तर तसं लेखी मागा. डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, नियम भारतातल्या सगळ्या कंपन्यांना लागू आहेत. देशातल्या प्रवासात वरच्या वर्गाचं तिकीट असून खालच्या वर्गात बसवलं, तर तिकिटाच्या 75 टक्के रक्कम परत मिळते. कंपनी दाद देत नसेल तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.

आणि मैत्रिणींचं. ग्रुपवर उत्तर देऊ नका. तिथे प्रत्येक वाक्य चौघी वाचतात आणि पाचवी स्क्रीनशॉट काढते. जिला खरंच जाणून घ्यायचं असेल ती फोन करते, जशी हिने केला. कंपनीचे दोष कुणी काढायच्या आधी तुम्हीच सांगून टाका, म्हणजे चेष्टेतली अर्धी हवा जाते. शिफारस मात्र कुणालाही करू नका. मी कंपनीचं नाव घेतलंच नाही. "प्रवासाला कोण निघालंय, त्यांचं वय काय, आणि मध्ये विमान बदलणं त्यांना झेपेल का" एवढंच विचारलं. तिने तिकीट कुठलं काढलं ते मी विचारलेलं नाही. तिनेही सांगितलेलं नाही. पण त्या रविवारी भिशीत कमिशनचा विषय निघाला नाही, हे माझ्या लक्षात आहे.

आमची पुढची तिकिटं काढून झाली आहेत. मुंबई-न्यूअर्क, थेट. दोघांच्या नावावर दोन खुर्च्या, आणि नोंदीचा ईमेल छापून पासपोर्टच्या पाकिटात ठेवलाय.