घाटेअळीचें पोट

हरभऱ्यावरील घाटेअळी, कपाशीवरील हिरवी बोंडअळी व तुरीच्या शेंगा पोखरणारी अळी हीं एकाच किडीचीं नांवें आहेत, हें यवतमाळ जिल्ह्यांतील पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक नसतें. किडींवरील औषधाची किंमत मात्र आपणां सर्वांस ठाऊक आहे. २०१७ सालीं आपल्या जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी व मजूर मृत्यु पावले. तेव्हां झाडाच्या अंगींच किडीचा प्रतिकार शोधणाऱ्या संशोधकांची ओळख येथें करून द्यावी, असें आम्हांस वाटलें.

डॉ. प्रभाकर रांजेकर हे वनस्पतींच्या डी. एन. ए.चे, म्हणजे आनुवंशिक द्रव्याचे, अभ्यासक. राय व गहू या धान्यांवरील त्यांचे व कॅनडांतील सहकाऱ्यांचे निबंध १९७४ व १९७६ सालीं प्रसिद्ध झाले. पुढें पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत त्यांनीं व डॉ. विद्या गुप्ता यांनीं गोरगरिबांची नाचणी अभ्यासास घेतली. तो निबंध १९८१ चा. नाचणीच्या डी. एन. ए.ची रचना कळून शेतकऱ्यास काय लाभ, असें त्या वेळीं कोणी विचारिलें असतें, तर उत्तर देणें कठीणच होतें!

परंतु याच मंडळींनीं पुढें घाटेअळीच्या पोटाकडे लक्ष वळविलें. हरभऱ्याच्या दाण्यांत एक प्रकारचें प्रथिन असतें. तें किड्याचे पाचक रस निकामी करतें. मग खाल्लेलें अंगीं लागत नाहीं. असें असतां ही अळी हरभऱ्यावर पुष्ट कां होते? कारण पिढ्यान्‌पिढ्या तेंच खाऊन तिनें, ज्यांवर हें प्रथिन चालत नाहीं, असे निराळे पाचक रस निर्माण केले आहेत. घरधन्यानें कुलूप बदलावें आणि चोरानें किल्ली, तशांतला हा प्रकार.

मग अळीच्या ओळखीचें नसलेलें कुलूप कोठून आणावें? १९९९ सालच्या निबंधांत भुईमूग, बटाटा इत्यादिकांतील प्रथिनें तपासलीं गेलीं, आणि २००३ सालीं कारल्याच्या बियांतील. कारल्याचें प्रथिन मिसळलेलें अन्न खाऊन अळ्यांची वाढ खुंटली. (हा कारल्याचा कडूपणा नव्हे; तो पदार्थ निराळा.) मात्र एकच प्रथिन सतत दिल्यास अळी त्यावरहि तोड काढील, म्हणून निरनिराळीं आलटून पालटून योजावीं, असेंहि त्यांनीं सुचविलें आहे.

कारल्याचें हें प्रथिन घातलेलें हरभऱ्याचें बियाणें अद्यापि शेतकऱ्याच्या हातीं आलेलें नाहीं.