एक रेषा, दोन दिशा

विद्यार्थी मित्रांनो, घरी जुना ट्रान्झिस्टर असेल तर एक प्रयोग करून पाहा. मध्यम लहरींवरचे एखादे दूरचे केंद्र लावा. ट्रान्झिस्टर टेबलावर उभा ठेवून जागच्या जागी सावकाश एक पूर्ण फेरा फिरवा. आवाज दोनदा अगदी क्षीण होईल, आणि या दोन स्थितींमध्ये बरोबर अर्ध्या फेऱ्याचे अंतर असेल. ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटच्या कांडीवर तारेचे वेटोळे असते. तीच त्याची आकाशिका. कांडीचे टोक केंद्राकडे वळले की आवाज बसतो. पण कांडीला टोके दोन! केंद्र कोणत्या रेषेवर आहे हे कळते. रेषेच्या कोणत्या बाजूला आहे हे कळत नाही.

या साध्या गोष्टीशी ९ विमानिकांचे प्राण कसे निगडित होते, ते आता पाहू.

४ एप्रिल १९४३. दुसरे महायुद्ध चालू होते. लिबियातील बेंगाझीजवळच्या सुलुक येथील तळावरून अमेरिकेची २५ बॉम्बफेकी विमाने इटलीतील नेपल्स बंदरावर निघाली. त्यांत ‘लेडी बी गुड’ नावाचे चार एंजिनांचे बी-२४ लिबरेटर विमान होते. वैमानिक विल्यम हॅटन आणि त्याच्या साथीदारांची ही पहिलीच मोहीम होती. उड्डाणाच्या वेळी वाळूचे वादळ होते. नेपल्सजवळ पोचेपर्यंत अंधार पडला. हल्ला न करताच ते परत फिरले. भूमध्य समुद्रावरून सुमारे १,१०० किलोमीटरचा परतीचा प्रवास, आणि तोही एकट्याने.

मध्यरात्रीनंतर हॅटनने बेनिना येथील रेडिओ केंद्राला आपली दिशा विचारली. उत्तर मिळाले, ३३० अंश. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजल्यास ही दिशा वायव्येला, म्हणजे नेपल्सकडे येते. अर्थ असा झाला, की विमान अजून समुद्रावरच आहे.

पण केंद्राची आकाशिका वेटोळ्याची होती. तुमच्या ट्रान्झिस्टरप्रमाणे तीही फक्त रेषा सांगत होती. ३३० मधून १८० वजा करा: १५० अंश, म्हणजे आग्नेय दिशा! पुढे तपास करणाऱ्यांनी निष्कर्ष काढला, की पाठीच्या वाऱ्यामुळे विमान अपेक्षेपेक्षा लवकर पोचले असावे आणि तळ ओलांडून सहारात शिरले असावे. खालच्या काळोखात समुद्र आणि वाळवंट यांत फरक दिसला नाही. ते उडतच राहिले.

इंधन संपत आल्यावर सर्वांनी हवाई छत्रीने उड्या घेतल्या. एकाची छत्री नीट उघडली नाही. उरलेले आठजण समुद्र जवळच असेल या समजुतीने वायव्येकडे चालू लागले. पाणी होते आठजणांत अर्धी बाटली. सहवैमानिक रॉबर्ट टोनर याच्या रोजनिशीवरून कळते, की ते ८ दिवस तग धरून होते. पाच जणांचे अवशेष फेब्रुवारी १९६० मध्ये सापडले. विमानातून उतरलेल्या जागेपासून ते सुमारे १३० किलोमीटर चालले होते. मदत शोधण्यासाठी तिघे आणखी पुढे गेले होते; त्यांपैकी दोघांचे अवशेष नंतर मिळाले.

आणि विमान? ते निर्मनुष्य स्थितीत सुमारे २६ किलोमीटर दक्षिणेकडे जाऊन वाळूवर घसरत उतरले. १९५८ साली तेलाचा शोध घेणाऱ्यांना ते तळापासून सुमारे ७०० किलोमीटरवर दिसले. आत पिण्याचे पाणी होते आणि रेडिओ चालू स्थितीत होता.

हा संभ्रम टाळण्याचे उपाय त्या काळीही ठाऊक होते. वेटोळ्याच्या जोडीला एक साधी उभी आकाशिका वापरली, तर दोन्हींच्या संकेतांची एका बाजूने बेरीज आणि दुसऱ्या बाजूने वजाबाकी होते, आणि खरी बाजू कळते. दुसऱ्या ठिकाणच्या केंद्राकडून आणखी एक रेषा मिळाली, तर दोन रेषा एकाच बिंदूत छेदतात. तोच विमानाचा ठावठिकाणा.

उपकरण खोटे बोलले नव्हते. त्याने दिलेल्या उत्तराचे दोन अर्थ होते, आणि दुसरा कोणी तपासला नाही. प्रयोगशाळेत काटा एखादा आकडा दाखवील, तेव्हा हा प्रश्न स्वतःला जरूर विचारा: याच आकड्याचा दुसरा अर्थ निघू शकतो काय?

सोडवून पाहा: एका केंद्रावरून विमानाची दिशा ४० अंश आली. वेटोळ्याच्या आकाशिकेनुसार विमान आणखी कोणत्या दिशेला असू शकेल?